मेल लिहिला, पण गेला का? थंडरबर्डमधले अडकलेले मेल सांभाळण्याची पद्धत

गेल्या पावसाळ्यात माझ्या आतेबहिणीने प्रवेशाचे कागद एका महाविद्यालयाला मेल केले. मुदत संध्याकाळी पाचची होती. साडेचारला तिने मेल लिहून पूर्ण केला, दाखले जोडले, किबोर्डवरूनच पाठवला, लिहायची विंडो बंद झाली आणि ती चहा करायला उठली. तिसऱ्या दिवशी तिकडून फोन आला की तुमचे कागद मिळाले नाहीत. तिने मला बोलावलं. थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम उघडून डावीकडच्या यादीत अगदी खाली गेलो, तर 'आउटबॉक्स' नावाच्या फोल्डरमध्ये तो मेल तीन दिवस बसून होता. कुठलीही चूक दाखवलेली नव्हती, लाल अक्षरं नव्हती, काही नाही.

झालं होतं इतकंच की कंट्रोल आणि एंटर दाबायच्या ऐवजी तिच्याकडून कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर दाबलं गेलं. पहिल्या जोडीने मेल लगेच जातो. दुसऱ्या जोडीने तो 'नंतर पाठवा' म्हणून बाजूला ठेवला जातो. दोन्ही वेळा लिहायची विंडो तशीच बंद होते, त्यामुळे समोर बसलेल्या माणसाला फरक कळत नाही. प्रवेश पुढे झाला, पण त्या तीन दिवसांत घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

त्या दिवसापासून माझ्या दुकानात टायपिंगला आणि अर्ज भरायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे शिकवतो. विंडो बंद झाली याचा अर्थ मेल गेला असा होत नाही. ती तीन कारणांनी बंद होते: मेल खरंच गेला, मेल रांगेत ठेवला गेला, किंवा मेल कच्चा म्हणून जपून ठेवला गेला. यातलं नेमकं काय झालं ते फोल्डर बघूनच कळतं.

मी हे सगळं थंडरबर्ड धरून सांगतो, कारण माझं रोजचं काम त्यातच चालतं. तो मोझिलाचा मोफत मेल प्रोग्रॅम आहे, त्याची १.० आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली, आणि नेट नसतानाही जुने मेल वाचता येतात, नवे लिहिता येतात म्हणून आमच्यासारख्या ठिकाणी तो फार उपयोगी पडतो.

आधी तीन फोल्डर ओळखा

डावीकडे तुमच्या खात्याच्या नावाखाली 'ड्राफ्ट्स' आणि 'सेंट' दिसतील. आणखी खाली 'लोकल फोल्डर्स' असं एक वेगळं शीर्षक असतं, आणि त्याच्या पोटात 'आउटबॉक्स' असतो. लोकल फोल्डर्स दिसतच नसेल तर फोल्डरच्या यादीवर जे तीन टिंबांचं बटण आहे ते दाबा आणि 'हाइड लोकल फोल्डर्स'वर बरोबरची खूण नाही ना ते बघा. असेल तर काढा. आउटबॉक्स कायम डोळ्यांसमोर हवा.

ड्राफ्ट्समध्ये अर्धवट मेल असतात. तुम्ही अजून 'पाठव' म्हणालेलाच नाहीत.

आउटबॉक्समध्ये पूर्ण झालेले मेल असतात. तुमच्याकडून लिहून झालेत, पण ते अजून तुमच्या संगणकातून बाहेर पडलेले नाहीत. गावातल्या टपालपेटीत पत्र टाकलंय आणि पेटी अजून उघडलेली नाही, तशी ही अवस्था आहे.

सेंटमध्ये गेलेल्या मेलची प्रत असते. मेल गेला की नाही हे बघायचं ते इथे.

या तिघांत एक मोठा फरक आहे आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. खातं आयमॅप पद्धतीने जोडलेलं असेल (जीमेल जोडताना बहुधा तसंच जोडलं जातं), तर ड्राफ्ट्स आणि सेंट हे सर्व्हरवर, म्हणजे मेल कंपनीच्या संगणकावर असतात. म्हणजे संगणकावर अर्धा लिहिलेला मेल बसमध्ये फोनवर उघडून पुरा करता येतो. आउटबॉक्स मात्र फक्त त्या एका संगणकावर असतो. फोनवर तो दिसत नाही, दुसऱ्या संगणकावर दिसत नाही, वेबवर जीमेल उघडलं तरी दिसत नाही. म्हणून दुकानातल्या संगणकावर अडकलेला मेल घरून शोधत बसलात तर सापडणार नाही. तो आहे, पण दुकानात आहे.

ड्राफ्ट: जपून ठेवणं आणि परत उघडणं

१. मेल लिहिताना मध्येच उठायचं असेल तर कंट्रोल आणि एस दाबा. मेल ड्राफ्ट्समध्ये जातो आणि विंडो उघडीच राहते.

२. ड्राफ्ट न ठेवताच विंडो बंद केलीत तर थंडरबर्ड विचारतो की हा मेल ड्राफ्ट्समध्ये ठेवू का. तिथे घाईत 'डिस्कार्ड' दाबू नका. लिहिलेलं टाकून द्यायचं असेल तरच ते बटण.

३. परत लिहायला घ्यायचं तर ड्राफ्ट्समधला मेल निवडा. वर एक पट्टी येते, हा मेल ड्राफ्ट आहे असं सांगणारी, आणि तिच्यावर 'एडिट'चं बटण असतं. ते दाबलं की मेल लिहायच्या विंडोत उघडतो. पाठवलात की ड्राफ्टमधली प्रत आपोआप निघून जाते.

थंडरबर्ड मुळात दर पाच मिनिटांनी ड्राफ्ट स्वतःहून जपतो. वीज जाण्याची सवय असलेल्या गावात पाच मिनिटं फार होतात. पाच मिनिटांत माणूस अर्ध्या पानाचा अर्ज लिहितो. सेटिंग्जमध्ये 'कंपोझिशन' उघडा, 'ऑटो सेव्ह'च्या पुढचा ५ हा आकडा खोडून १ करा. इन्व्हर्टर नसेल तर हे आजच करा.

सेंड लेटर: मुद्दाम थांबवून ठेवणं

माझ्या बहिणीच्या बाबतीत ही सोय चुकून वापरली गेली, पण सोय म्हणून ती खरोखर चांगली आहे. मी स्वतः ती रोज वापरतो. दिवसभरात दहा जणांचे मेल लिहून आउटबॉक्समध्ये ठेवतो, संध्याकाळी एकदा सगळ्यांवर नजर फिरवतो आणि मग एकत्र सोडतो. या शेवटच्या नजरेत चुकीचा पत्ता, राहिलेली सही, दुसऱ्याचंच आधार कार्ड जोडलेलं, असलं बरंच काही सापडतं.

लिहायच्या विंडोत 'फाइल' मेनू उघडून 'सेंड लेटर' निवडा, किंवा आधी सांगितलेल्या त्या तीन कळा एकत्र दाबा. मेल आउटबॉक्समध्ये जाऊन बसेल.

दोन गोष्टी इथे नीट समजून घ्या.

पहिली, नावात 'लेटर' असलं तरी यात कुठलीही वेळ ठरवलेली नसते. उद्या सकाळी दहाला जा, असं त्याला सांगता येत नाही. तुम्ही सांगेपर्यंत तो तिथेच. ठरावीक वेळी मेल जायला हवा असेल तर याच नावाचं एक वेगळं अॅड-ऑन (थंडरबर्डमध्ये वरून बसवायची जादा सोय) मिळतं, पण त्यासाठीही त्या वेळी संगणक आणि थंडरबर्ड चालू असावा लागतो. वेबवरच्या जीमेलमधल्या 'शेड्यूल सेंड'चं तसं नाही. तो मेल गूगलच्या सर्व्हरवर थांबलेला असतो, तुमचा संगणक बंद असला तरी वेळ झाली की जातो.

दुसरी गोष्ट जोडलेल्या फाइलची, आणि इथे मी माझ्या डोळ्यांसमोर नुकसान झालेलं पाहिलंय. एका बचत गटाच्या अध्यक्ष ताई महिन्याचा हिशेब एक्सेलमध्ये करून माझ्याकडून बँकेला पाठवतात. त्यांनी दुपारी फाइल आणली, मी मेल करून आउटबॉक्समध्ये ठेवला. चार वाजता त्या परत आल्या, "भाऊ, एका बाईचा हप्ता चुकीचा लिहिला गेलाय," म्हणाल्या. मी त्याच फाइलमध्ये आकडा दुरुस्त केला, जपली, आणि संध्याकाळी मेल सोडला. बँकेत पोचली ती जुनी फाइल.

कारण साधं आहे. मेल आउटबॉक्समध्ये किंवा ड्राफ्टमध्ये ठेवताना त्या क्षणी असलेली फाइल मेलच्या आत कॉपी होते. त्यानंतर डेस्कटॉपवरच्या फाइलमध्ये कितीही बदल करा, मेलच्या आतली प्रत बदलत नाही. म्हणून फाइल दुरुस्त केलीत की मेल उघडून जुनी अटॅचमेंट काढा आणि नवी जोडा. उलट बाजूने, मेल अजून लिहायच्या विंडोत आहे आणि एकदाही जपलेला नाही, तेवढ्यात तुम्ही जोडलेली फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलीत किंवा पेनड्राइव्ह काढून घेतलात, तर पाठवताना फाइल सापडत नाही म्हणून मेल अडतो. पेनड्राइव्हवरून कधीच जोडू नका. आधी फाइल संगणकावर घ्या, मग जोडा.

नेट नसताना

थंडरबर्डच्या विंडोच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात एक छोटा आयकॉन असतो. त्यावर क्लिक केलं की प्रोग्रॅम ऑफलाइन होतो, परत केलं की ऑनलाइन. ऑफलाइन असताना लिहायच्या विंडोतल्या 'सेंड' बटणाचं नाव बदलून 'सेंड लेटर' होतं. नाव बदललेलं दिसलं की समजा, हा मेल आउटबॉक्समध्ये जाणार आहे. बरेचदा त्या आयकॉनला चुकून धक्का लागलेला असतो आणि माणूस नेट चालू असून मेल का जात नाहीत म्हणून राउटर बंदचालू करत बसतो. आधी तो कोपरा बघा.

दुसरा प्रकार वेगळा आहे. थंडरबर्ड ऑनलाइन आहे, पण प्रत्यक्षात नेट गेलंय किंवा रडतखडत चाललंय. अशा वेळी 'सेंड' दाबलंत तर तो थोडा वेळ धडपडतो आणि पाठवता आलं नाही असा निरोप दाखवतो. तेव्हा मेल आउटबॉक्समध्ये जात नाही! तो त्या उघड्या विंडोतच असतो. निरोप बंद करून वैतागाने विंडोही बंद केलीत आणि 'डिस्कार्ड' दाबलंत तर मेल गेला, म्हणजे कायमचा गेला. अशा वेळी शांतपणे कंट्रोल आणि एस दाबून ड्राफ्ट करा, किंवा 'सेंड लेटर' करून रांगेत ठेवा. नेट आलं की पाठवू.

सेटिंग्जच्या 'जनरल' विभागात खाली ऑफलाइनचं बटण आहे. त्यात ऑनलाइन येताना रांगेतले मेल पाठवायचे का, या प्रश्नाला होय, नाही किंवा मला विचार, असे पर्याय आहेत. नवशिक्यांना मी 'मला विचार' ठेवायला सांगतो. विचारलं की निदान लक्षात तरी येतं की आत काहीतरी आहे. पण ही सोय थंडरबर्ड ऑफलाइनवरून ऑनलाइन येतो त्या वेळची आहे. नेट परत आलं म्हणजे माझे मेल आपोआप गेलेच असतील, असं कधीही धरून चालू नका.

आउटबॉक्स मोकळा करणं

१. वर मेनूची पट्टी दिसत नसेल तर ऑल्ट दाबा. 'फाइल' मेनूत 'सेंड अनसेंट मेसेजेस' आहे. किंवा आउटबॉक्सवर उजवं क्लिक करा, तिथेही तेच आहे.

२. हा पर्याय फिकट दिसत असेल आणि दाबला जात नसेल, तर बहुधा आउटबॉक्स रिकामाच आहे. मेल तिथे नाही, म्हणजे ड्राफ्ट्समध्ये बघा.

३. दाबल्यावर खाली पट्टीत हालचाल दिसेल. ती थांबली की आउटबॉक्स उघडून बघा, रिकामा झाला का.

४. मग सेंट उघडा. वरचाच मेल तुमचा आहे का, अटॅचमेंटची पिन आहे का, पत्ता बरोबर आहे का. एवढं बघून मगच संगणक बंद करा.

आता, रांगेतला मेल पाठवण्यापूर्वी त्यात बदल करायचा असेल तर? इथे लोक फार गोंधळतात. आउटबॉक्समधल्या मेलवर 'एडिट अॅज न्यू मेसेज' हा पर्याय मिळतो, कंट्रोल आणि ई. पण त्याने त्या मेलची नवी प्रत उघडते, जुना मेल रांगेत तसाच राहतो. प्रत दुरुस्त करून पाठवली, आणि संध्याकाळी रांग सोडली की जुना, चुकीचा मेलही निघतो. समोरच्याला दोन मेल मिळतात, आणि दुसरा चुकीचा.

म्हणून मी वेगळी वाट सांगतो. आउटबॉक्समधला मेल माउसने पकडून ड्राफ्ट्समध्ये ओढून टाका. आता तो रांगेतून निघाला. ड्राफ्ट्समध्ये जाऊन वरच्या पट्टीतलं 'एडिट' दाबा, दुरुस्त करा, पाठवा किंवा परत रांगेत ठेवा. एकच मेल, एकच प्रत. पाठवायचाच नसेल तर आउटबॉक्समधून डिलीट करा, प्रश्न मिटला. पण उलट, ड्राफ्टमधला मेल ओढून आउटबॉक्समध्ये टाकू नका. रांगेत जायचा रस्ता 'सेंड लेटर'चाच.

पाठवतोय, तरी जात नाही

अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी आधी निरोपात काय लिहिलं होतं ते विचारतो. दहापैकी नऊ जण वाचतच नाहीत, बंद करतात. इंग्रजी नीट येत नसलं तरी फोनवर फोटो काढून ठेवा, दुसऱ्याला दाखवता येतो.

सगळ्यात जास्त वेळा कारण असतं पासवर्डचं. जीमेलचा पासवर्ड फोनवरून बदलला, संगणकावर जुनाच राहिला. शिवाय गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांना बाहेरच्या प्रोग्रॅममधून नुसत्या नाव-पासवर्डने शिरायची जुनी सोय बंद केली. त्याआधी जोडलेली आणि मग वर्षानुवर्षं न उघडलेली खाती अजूनही कधीकधी समोर येतात. उपाय असा: खात्याच्या सेटिंग्जमध्ये अगदी खाली 'आउटगोइंग सर्व्हर' आहे, तिथे जीमेलची नोंद निवडून 'एडिट' करा आणि 'ऑथेंटिकेशन मेथड'मध्ये 'ओऑथ२' निवडा. पुढच्या वेळी पाठवताना गूगलचं स्वतःचं पान उघडेल, तिथे खातं उघडून परवानगी द्या. त्याच ठिकाणी पोर्टचा, म्हणजे सर्व्हरच्या कुठल्या दारातून मेल जाणार त्याचा, आकडाही बघून घ्या. ४६५ असेल तर 'एसएसएल/टीएलएस' हवं, ५८७ असेल तर 'स्टार्टटीएलएस'. या जोड्या उलटसुलट झाल्या की मेल जात नाही. आणि २५ हा आकडा दिसला तर तो बदलाच. मेल लिहिणाऱ्या माणसाने वापरायचा तो पोर्ट नव्हे, आणि घरगुती नेटवर तो अनेक ठिकाणी बंदच ठेवलेला असतो.

लक्षात घ्या, मेल येणं आणि मेल जाणं यांचे सर्व्हर वेगळे असतात. "अहो, मेल तर येतायत, मग जात का नाहीत?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. येणारी वाट आणि जाणारी वाट वेगळी, कुलपं वेगळी, म्हणून.

दुसरं कारण, वजन. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. पण मेलमधून फाइल जशीच्या तशी जात नाही. ती अक्षरांत रूपांतर होऊन जाते, आणि त्या रूपांतरात दर तीन बाइटचे चार होतात, वर ओळींचा थोडा भार. म्हणून फोल्डरमध्ये २० एमबी दिसणारी फाइल मेलमध्ये २५ च्या पुढे जाते. सगळ्या अटॅचमेंट मिळून १८ एमबीच्या आत ठेवा, हा माझा अनुभवाचा आकडा आहे. त्यापेक्षा चांगलं म्हणजे स्कॅन करतानाच जपून करणं. सातबारा किंवा गुणपत्रिका ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करायची काही गरज नसते. २०० डीपीआयवर अक्षर स्वच्छ वाचता येतं आणि फाइल कितीतरी हलकी होते. फारच मोठी असेल तर ड्राइव्हवर चढवून दुवा पाठवा, पण समोरचं कार्यालय दुवे स्वीकारतं का ते आधी विचारा.

तिसरं कारण कुणाच्या डोक्यातच येत नाही, ते म्हणजे तारीख. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी एक गोल बॅटरी असते, सीआर२०३२ नावाची. ती संपली की प्लग काढल्यावर संगणकाची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करताना संगणक त्याचं प्रमाणपत्र तपासतो, आणि त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. जोडणी नाकारली जाते. मेल जात नाही, बऱ्याच वेबसाइटही उघडत नाहीत. उजव्या खालच्या कोपऱ्यातली तारीख बघा, चुकली असेल तर दुरुस्त करा, आणि ती बॅटरी बदलून घ्या.

अँटीव्हायरस जाणारे मेल तपासत असेल तर तोही कधीकधी आडवा येतो. ते तपासणं तेवढं बंद करून एकदा पाठवून बघा, सगळा अँटीव्हायरस बंद करू नका.

रांगच बिघडली तर

कधीतरी असं होतं की आउटबॉक्समध्ये मेल दिसतो पण उघडत नाही, किंवा डिलीट केलेला परत दिसतो, किंवा पाठवायचा पर्याय आहे पण काहीच होत नाही. इथे फोल्डरची अनुक्रमणिका बिघडलेली असते. आउटबॉक्सवर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', आणि 'रिपेअर फोल्डर'. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं.

नाही भागलं तर जरा आत जावं लागतं. 'हेल्प' मेनूत ट्रबलशूटिंगची माहिती उघडा, 'प्रोफाइल फोल्डर'च्या पुढचं बटण दाबा, म्हणजे फाइलींचा फोल्डर उघडेल. आता थंडरबर्ड पूर्ण बंद करा, हे विसरू नका. मग 'मेल' आणि त्यात 'लोकल फोल्डर्स' असं आत जा. तिथे 'अनसेंट मेसेजेस' नावाच्या दोन फाइली दिसतील. एकीला पुढे काहीच नाही, दुसरीच्या शेवटी 'एमएसएफ' आहे. पडद्यावर आउटबॉक्स दिसतो त्याचं डिस्कवरचं नाव हे. मेल असतात ते शेपूट नसलेल्या फाइलीत. एमएसएफवाली नुसती अनुक्रमणिका. आधी दोन्हींची प्रत दुसरीकडे करून ठेवा. मग फक्त एमएसएफवाली काढून टाका आणि थंडरबर्ड उघडा. अनुक्रमणिका नव्याने तयार होते.

तरीही हट्ट सोडत नसेल तर थंडरबर्ड बंद करून दोन्ही काढा, रिकामा आउटबॉक्स परत तयार होईल. हरवलेला मजकूर मिळवायचा असेल तर तुम्ही प्रत केलेली शेपूट नसलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडा. ती साधी मजकुराची फाइल असते. इंग्रजी मेल तिथे सरळ वाचता येतो. मराठी मजकूर मात्र बहुधा अगम्य अक्षरांसारखा दिसेल, कारण तोही रूपांतर करून ठेवलेला असू शकतो. तो गेला असं समजून फाइल टाकून देऊ नका, जाणत्या माणसाकडे न्या.

गेलाय, पण गेला नाही असं वाटतं

हा उलटा प्रकार. मेल खरोखर गेलेला असतो, पण त्याची प्रत सेंटमध्ये ठेवताना नेट तुटतं. तेव्हा थंडरबर्ड सांगतो की मेल पाठवला गेला आहे, पण प्रत ठेवता आली नाही, आणि परत प्रयत्न करू का किंवा संगणकावरच ठेवू का असं विचारतो. लोक पहिला अर्धा भाग वाचत नाहीत. 'नाही' एवढंच दिसतं आणि तोच मेल तीनतीनदा पाठवतात. कोटेशन असेल, तक्रार अर्ज असेल, तर समोरच्याकडे तीन नोंदी होतात. या निरोपात फक्त 'रीट्राय' दाबा, नाहीतर संगणकावर ठेवा. पुन्हा पाठवू नका. शंका असेल तर सरळ फोन करून विचारा.

फोनवरच्या जीमेल अॅपमध्येही स्वतःचा आउटबॉक्स असतो. वरच्या तीन रेघा दाबल्या की यादीत सापडतो. रेंज नसताना पाठवलेला मेल तिथे थांबतो. आणि वेबवरच्या जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घेण्याची मुदत सेटिंग्जमधून ५ सेकंदांची ३० करता येते, ती करूनच ठेवा. चुकीचा माणूस निवडला गेला हे साधारण दहाव्या सेकंदाला लक्षात येतं.

संगणक फॉरमॅटला देण्याआधी

आउटबॉक्स फक्त त्या संगणकावर असतो, हे वर सांगितलं. त्याचा सगळ्यात मोठा फटका फॉरमॅट करताना बसतो. "माझं सगळं जीमेलवर आहे, काही ठेवायची गरज नाही," असं सांगून लोक संगणक दुरुस्तीला देतात. इनबॉक्स, सेंट, ड्राफ्ट्स आयमॅपने खरंच परत येतात. लोकल फोल्डर्समधलं काहीच येत नाही.

म्हणून देण्याआधी आउटबॉक्स उघडा. जे जायला हवं ते पाठवा. जे अजून थांबवायचं आहे ते तुमच्या खात्याच्या ड्राफ्ट्समध्ये ओढा, लोकल फोल्डर्समध्येही ड्राफ्ट्स असू शकतो, त्यात नव्हे. फोनवर जीमेल उघडून ते ड्राफ्ट तिथे दिसतात का बघा. दिसले, की प्लग काढा.